अपेक्षाची साखळी

प्रताप नगरच्या एका कंपनीत धनश्रीला घेतलं ते लोकांना खिळवून ठेवण्यासाठी. कंपनी डिजिटल नाण्यांच्या देवघेवीसाठी नवं ब्लॉकचेन नेटवर्क उभारत होती. ते खुलं करण्याआधी लोकांनी त्यावर खोटी नाणी एकमेकांना पाठवून बघायची, म्हणजे कुठं काय अडतं ते कळेल, असा बेत होता. पण खोट्या नाण्यांना लोक लवकरच कंटाळले. मग धनश्रीने त्याचा खेळ केला. रोज व्यवहार केला की आपली साखळी वाढायची. सुरुवातीला सगळे बछडे, सगळ्यात वर वाघीण. एक दिवस चुकला की पुन्हा बछडा. वर टिकलेल्यांना पुढे संस्थापकाचा मान मिळेल, असं कंपनीने जाहीर केलं आणि लोकांची रीघ लागली.

खापा गावची तिची मामेबहीण अपेक्षा तिच्याच शब्दावर खेळात उतरली. बी.कॉम. होऊन घरी बसलेली, पाहुण्यांसमोर पोहे नेऊन नेऊन विटलेली पोरगी बघता बघता वाघीण झाली. गल्लीतल्या बायाही तिने जोडून घेतल्या.

"माहं नाव साऱ्या देशात वरच्या पानावर हाय वं ताई," ती फोनवर सांगायची.

घरात कुणी गेलं, कुणी आजारी पडलं तर साखळी तुटू नये, अशी सोय ठेवू या, असं धनश्रीने एकदा सुचवलं होतं. तिचा साहेब अभिजीत हसला. "सुट्टी देली का धाक जाते. धाक गेला का माणूस गेला." धनश्रीने मग विषय वाढवला नाही.

त्यानंतर अपेक्षाचे वडील, जागेश्वरमामा, अचानक गेले. धनश्री खाप्याला पोचली तेव्हा अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं आणि बाया चंद्रकलामामीला धरून बसल्या होत्या. अपेक्षा कुठं दिसेना. ती सापडली मागच्या अंगणात, पाण्याच्या टाक्याआड, मोबाइल घेऊन. डोळे सुजलेले, अंगठा मात्र चालू.

"दोन मिनिटं वं ताई. नेट येऊन नाही राहिलं. साखळी तुटते."

धनश्रीच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की आपला खेळ जमला. मग तिची तिलाच किळस आली. तरी अपेक्षा कुणाला दिसू नये म्हणून ती आडोसा करून उभी राहिली.

"अपेक्षाले बोलवा, बापाच्या तोंडात पाणी घालाचं हाय," समोरून हाका आल्या. अपेक्षा धावत गेली तोवर काकांनी पाणी घातलं होतं आणि चौघांनी तिरडी उचलली होती.

पुढे नेटवर्क खुलं झालं. चाचणीचं सगळं पुसलं गेलं. ते पुसायचंच असतं, हे धनश्रीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. संस्थापकाचा मान कंपनीत पैसे लावणाऱ्यांना मिळाला. अपेक्षाला वाघिणीचं चित्र असलेलं आभारपत्र आलं. गल्लीतल्या बाया तिला हसू लागल्या.

दिवाळीनंतर अभिजीतने धनश्रीला खाप्याला पाठवलं. नवी चाचणी होती, आणि बाया गोळा करणारी मुलगी त्याला हवी होती.

अपेक्षाने चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी माह्या बाजूले उभ्या होत्या."

अपेक्षाने तिला आजवर कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"मोबाइल काहून नाही हिसकला?"

"मला वाटलं, तुझी इतक्या दिवसांची मेहनत..."

"मेहनत माही नव्हती. खेळ तुमचा होता." तिने कप उचलले. "बस आता सुटन. निघा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात धनश्रीने सांगितलं, ती येत नाही.

"तर दुसरी पाह्य," अभिजीत मान वर न करता म्हणाला. "उमरेडले कोणी हाय का ओळखीचं?"

उमरेडला तिची शाळेतली मैत्रीण होती, काजल. नुकतीच माहेरी परतलेली, दिवसभर घरीच. धनश्रीने काजलला फोन लावला.