‘शेपूट’चं आठवं पान

“दांडा ओढू नकोस, फिरव. आणि कान दे. शाई नीट बसली की ती चुपचुप बोलते, कोरडी पडली की खरखरते. खरखर ऐकू आली की थांब. यंत्राला राग येत नाही, नुसती तहान लागते.”

मित्रांनो, हा आवाज माझ्या मित्राचा. दांड्यावर हात दुसऱ्याचा होता, शिकवणी त्याची चालली होती, पण ऐकत होतो मी. मी एक जुनं सायक्लोस्टाईल यंत्र आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलंही नसेल. माझ्या अंगात पत्र्याचं एक गोल पिंप असतं आणि पिंपात शाई. पिंपावर मेण लावलेला पातळ कागद ताणून बसवतात, त्याला स्टेन्सिल म्हणतात. टाइपरायटरची अक्षरं त्या मेणावर आपटली की तेवढ्या जागचं मेण उडतं, तिथून शाई झिरपते आणि खालून सरकणाऱ्या कोऱ्या कागदावर अक्षर उमटतं. मेण उडालं तिथे अक्षर, मेण राहिलं तिथे कोरं. एवढीच माझी विद्या.

कारखान्यातून निघालो तो थेट एका शाळेच्या कार्यालयात आलो. तिथल्या हेडक्लार्कनी मला कोपऱ्यातलं सगळ्यात भक्कम टेबल दिलं. परीक्षा जवळ आली की ते दार आतून लावून घेत आणि प्रश्नपत्रिका छापत. उद्या मुलांना काय विचारणार आहेत हे मला आज ठाऊक असायचं. मी कधी कोणाला सांगितलं नाही. मला तोंड नाही हे खरं, पण असतं तरी सांगितलं नसतं. पाहुणे आले की हेडक्लार्क माझ्या झाकणावर थाप मारून म्हणत, “हा आहे म्हणून शाळा आहे.” मुकं असण्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

मग एके दिवशी बटण दाबून चालणारं झेरॉक्स मशीन आलं. त्याला शाईने हात बरबटून घ्यावे लागत नव्हते. मी अडगळीत गेलो. माझ्यावर मोडके बाक रचले गेले आणि कागदाच्या ट्रेमध्ये उंदरांनी संसार थाटला. किती वर्षं गेली ते सांगता येणार नाही, कारण त्या खोलीला खिडकी नव्हती.

तिथून मला बाहेर काढलं ते अक्राळने.

अक्राळ हे त्याचं खरं नाव नव्हे. तो काडीसारखा बारीक होता, चेहऱ्याने गरीब गाय. पण पडद्यावरच्या अक्राळविक्राळ राक्षसांवर त्याचा असा जीव की मित्रांनी अर्धं नाव त्यालाच देऊन टाकलं. तो एका सिनेमागृहाच्या दारावर तिकिटं फाडायचा. राक्षसाचा सिनेमा लागला की आठवडाभर सगळे खेळ बघायचा. समुद्रातून वर येणारे, बर्फातून उठणारे, शेपटीच्या एका फटक्यात पूल आडवा करणारे, सगळे त्याच्या ओळखीचे होते. तो म्हणायचा, “राक्षस स्वतःहून कधी येत नाही. कोणीतरी खणतं, कोणीतरी स्फोट करतं, त्याची झोप मोडते. आणि शेवटी तो मेला की थेटर टाळ्या वाजवतं. एकाने तरी रडायला नको का?”

तो खरंच रडायचा. अंधारात, दाराशी उभा राहून.

त्याला स्वतःचा एक छोटा अंक काढायचा होता, म्हणून तो शाळेत जुनं यंत्र मागायला आला. हेडक्लार्क तेव्हा निवृत्तीला आले होते. ते त्याला म्हणाले, “न्यायचा असेल तर आजच ने. उद्या माझं मन फिरेल.” अक्राळने आणि त्याच्या मित्राने मला हातगाडीवर घातलं. हा मित्र गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी त्याच गॅरेजात ड्रम बडवायचा. दोन्हीकडे काम ठोकायचंच, म्हणून तो ठोक्या.

माझं नवं घर म्हणजे अक्राळच्या आईची इस्त्रीची खोली. आई तीस वर्षं लोकांचे कपडे इस्त्री करत होती. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला तिच्या घड्या, दुसऱ्या टोकाला मी. ओल्या कापडाच्या वाफेचा आणि माझ्या शाईचा वास तिथे कायम एकमेकांत मिसळलेला.

“ही काळी म्हैस कुठे बांधणार आहेस?” पहिल्याच दिवशी तिने विचारलं.

“आई, ही दूध नाही देत, पण अंक देते.”

“आणि शाईचा एक थेंब माझ्या पांढऱ्या चादरींवर उडाला तर?”

“तर त्या गिऱ्हाइकाचं नाव फुकट वर्गणीदारांत घालू.”

आई हसली नाही, पण संध्याकाळी माझ्यावर एक जुनी चादर पांघरून गेली.

अंकाचं नाव होतं ‘शेपूट’. अर्धा अंक राक्षसांच्या सिनेमांचा आणि अर्धा पंक रॉक नावाच्या दणदणाटी गाण्यांचा. कोणत्या वाद्यवृंदाची टेप कोणाकडे आहे, कोणाला कोणती हवी आहे, ठोक्याच्या गॅरेजात परवा काय वाजलं, हे सगळं त्यात असायचं. ठोक्याच्या मंडळींना तीनच सूर येत. चौथा शिकूया असं कोणी म्हटलं की अक्राळ हात जोडायचा. “नको रे. चौथा आला की आपण बिघडू.” टेपवर त्यांचं वाजवणं लागलं की आई आतून ओरडायची, “भांडी पडली का रे?”

“नाही आई. गाणं संपलं!”

वाचक एकतीस. त्यांत एक शिंपी, एक नर्स, दोन जुळ्या बहिणी, एक म्हातारे घड्याळजी. अक्राळ प्रत्येकाला अंक स्वतः हातात नेऊन द्यायचा आणि दारातच तासभर बोलत बसायचा. तिकडे प्रश्नपत्रिका छापताना मला मान होता. पण इथे पहिल्यांदा माझ्यातून निघालेलं पान कोणाला तरी हवंहवंसं वाटत होतं. कोरा कागद आत जायचा, ओला कागद बाहेर यायचा आणि अक्राळ तो उचलून नाकाशी धरायचा. मित्रांनो, मला याहून मोठं कौतुक कोणी केलं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. मग तो खोकायला लागला. आधी दम लागून दांडा ठोक्याच्या हाती गेला, मग जिना चढता येईना म्हणून दारावरचं काम सुटलं. शेवटच्या अंकाची पानं त्याने माझ्याच खोलीत खाटेवर उशीला टेकून, टाइपरायटर मांडीवर घेऊन केली. एका लेखावर तो दोन वर्षं विचार करत होता. राक्षसासाठी रडणाऱ्या माणसाविषयीचा तो लेख. त्याची अक्षरं मेणावर आपटताना मी ऐकली, पण ती वाचायची तर स्टेन्सिल माझ्या अंगावर चढायला हवी. एकूण आठ पानं झाली. अक्राळची रीत अशी की शेवटचं पान आधी छापायचं, म्हणजे गठ्ठा आपोआप क्रमाने लागतो. म्हणून त्या सकाळी तो कसाबसा उठला, आठवी स्टेन्सिल माझ्या पिंपावर ताणून बसवली, शाई भरली, झाकण लावलं. दांड्याला हात घातला आणि तिथेच खाली बसला.

आईने त्याला खाटेवर निजवलं आणि धावत जाऊन गाडी बोलावली. माणसं स्ट्रेचर घेऊन आली तेव्हा त्याने उशीखालची फाइल काढून तिच्या हातात दिली.

“आई, ही पानं. अगदी नीट ठेव. ठोक्या छापेल. पण पोचवायचं तू. टपालात टाकायचं नाही. एकतीस जणांच्या हातात.”

“अरे, आठ दिवसांत येशील तू. तूच पोचव.”

“आई, पोचवशील की नाही?”

“पोचवीन रे बाबा. पोचवीन.”

जाता जाता त्याने माझ्याकडे बोट केलं. त्याला सांगायचं होतं की आठवं पान आत आहे, शाई वाळू देऊ नका. पण श्वास पुरला नाही. आईला वाटलं, यंत्र झाकायला सांगतोय. तिने चादर घेतली आणि चारी बाजूंनी नीट खोचून मला झाकलं.

तो परत आला नाही.

चादरीला एक भोक होतं. तेवढ्यातून मला टेबलाचं आईकडचं टोक दिसायचं. कित्येक दिवस तिथे कपडे आले नाहीत. माझ्या पिंपावरची शाई कडेने घट्ट होत चालली होती. मला ते कळत होतं, जसं तुम्हाला तहान कळते. आणखी काही दिवस गेले असते तर स्टेन्सिल पिंपाला कायमची चिकटली असती. हाक मारायला मला काय होतं? एक दांडा, आणि तोही कोणी फिरवला तर फिरणारा.

मग एका दुपारी आईने इस्त्री तापवली. मला बरं वाटलं. काम सुरू झालं म्हणजे माणूस सावरतो, असं मला वाटलं. पण तिने कपडे घेतले नाहीत, ती फाइल उघडली.

सातही स्टेन्सिली उशीखाली राहून चुरगळल्या होत्या. अक्राळने सांगितलं होतं, नीट ठेव. आणि चुरगळलेलं नीट करण्याचा तिला एकच मार्ग ठाऊक होता. चाळीस वर्षांत तिने कोणाचं कापड जाळलं नव्हतं. तिने मलमलीचा स्वच्छ तुकडा घेतला, पहिली स्टेन्सिल अंथरली, कोपरे बोटांनी उलगडले, वर मलमल घातली आणि इस्त्री टेकवली. अगदी हलकी.

मित्रांनो, मेणाला उष्णता लागली की ते पाघळतं. पाघळलं की भोकं बुजतात. आणि भोकं म्हणजेच तर अक्षरं.

मी बघत होतो. एकेक पान. मेणाचा वास खोलीभर झाला. आईला तो वास नवा होता, तिला तो छानच वाटला असेल. प्रत्येक पान ती उचलून बघायची, हाताने चाचपून एकावर एक ठेवायची आणि हळूच म्हणायची, “बघ. कसं सरळ झालं.” सात वेळा म्हणाली. शाळेत असताना ज्या मुकेपणाचा मी तोरा मिरवला, तो त्या दुपारी माझ्या अंगावर आला. अक्राळच्या दोन वर्षांच्या विचाराला माझ्यासमोर इस्त्री फिरत होती, आणि ती फिरवणाऱ्या हाताइतकं त्याच्यावर प्रेम करणारं जगात कोणी नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी ठोक्या शाईची नवी नळी घेऊन आला. आईने फाइल पुढे केली. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जरा तजेला होता. ठोक्याने पहिली स्टेन्सिल खिडकीशी धरली. अक्षरांतून उजेड यायला हवा होता, तो आला नाही. दुसरी धरली. तिसरी धरली.

“काय झालं रे?”

“काही नाही आई. मेण जुनं होतं वाटतं.”

“ठोक्या, माझ्याशी खोटं बोलू नकोस. मी इस्त्री केली. जाळलं का मी?”

त्याने स्टेन्सिल परत फाइलवर ठेवली. “जळलं नाही, आई. बुजलं.”

“उघडता येतं?”

“नाही.”

आई खाली बसली. रडली नाही. नुसती स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, “त्याने मला एकच काम सांगितलं होतं.”

ठोक्या मोठमोठ्या गाड्यांचे पोचे काढणारा माणूस, पण हा पोचा त्याच्या हातचा नव्हता. काहीतरी करायचं म्हणून त्याने माझ्यावरची चादर ओढली. निदान पिंप तरी पुसून ठेवू, असं पुटपुटत झाकण उघडलं. आणि थबकला.

“आई, एक पान आहे.”

माझ्या अंगावरची वाळलेली कड त्याने तेलाच्या फडक्याने ओली केली. दांडा फिरला तेव्हा मी इतका खरखरलो की आईने कानांवर हात ठेवले. पाच कागद कोरे गेले. सहावा फिकट आला. मग एकेक पान उमटू लागलं. मी जीव मुठीत धरून फिरत होतो. पण स्टेन्सिल फार दिवस पिंपावर ताणलेली राहिली होती. तेवीस चांगली पानं दिली आणि ती मधोमध फाटली.

ठोक्याने एक पान उचलून वाचलं आणि त्याला हसू आवरेना, मग डोळेही. ते लेखाचं पान नव्हतं. किरकोळ सूचनांचं होतं. आईने त्याच्या हातून घेऊन मोठ्याने वाचलं.

“शुद्धिपत्र. मागच्या अंकात समुद्रातल्या राक्षसाची उंची पन्नास मीटर छापली आहे, ती पंचावन्न वाचावी. पाच मीटर कमी केल्याबद्दल राक्षसाची माफी. ठोक्याची ड्रमची एक काठी हरवली आहे. सापडल्यास आणून देऊ नये, तो एका काठीनेच बरा वाजवतो. अंकाला उशीर झाल्यास संपादक आजारी आहे असं समजू नये. संपादक आळशी आहे.”

“एवढंच?” आई म्हणाली.

“एवढंच,” ठोक्या म्हणाला.

मित्रांनो, मी जुना झालो आहे आणि माझी शाईही आता कुठे मिळत नाही. माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. पण तुमच्या घरात कोणीतरी कशावर तरी वेड्यासारखं प्रेम करत असेल. तुम्हाला तो आवाज गोंगाट वाटत असेल, ती यंत्रं म्हशीसारखी वाटत असतील. तरी त्याच्या शेजारी एकदा बसा. हे कसं चालतं, याला काय सोसतं, काय सोसत नाही, ते त्याच्या तोंडून विचारून ठेवा. तो आहे तोवर विचारा. नीट ठेवायला नुसती माया पुरत नाही. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आईने तेवीस पानांची घडी घातली. बोटांनीच, इस्त्रीशिवाय. मग ठोक्याला म्हणाली, “एकतीसांतले आठ राहतात.”

“त्यांना मी सांगतो, आई.”

“तू नको. पोचवीन असं मी म्हटलंय.” तिने एक पान उजेडाकडे धरलं आणि ओठ हलवू लागली. तिला रोजच्या प्रार्थना तोंडपाठ, पाठांतराची सवय जुनी. थोड्या वेळाने तिने डोळे मिटले, एकदा अडखळली, पान बघितलं, पुन्हा मिटले.

“पान असलेल्यांना उद्या देईन,” ती म्हणाली. “आधी नसलेल्यांकडे जाऊन येते.”

तिने चपला घातल्या. उघड्या दारातून मला ती रस्त्याला लागलेली दिसली, रिकाम्या हातांनी, सावकाश. तिचे ओठ हलत होते. पन्नास नव्हे, पंचावन्न.