पाण्यात हात घालायचा नाही

अजित सकपाळ माणूस वाईट नव्हे हो, पण पायाला भिंगरी आणि हात सदा शिवशिवणारे. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची आई मीराबाई, दोघंच. नोकरी लिफ्ट मेकॅनिकची, म्हणजे दिवसभर बिघडलेलं शोधायचं आणि दुरुस्त करायचं. ते ठीक. पण घरी आल्यावर तरी माणसाने गप बसावं ना? छे! चांगल्या चालत्या पंख्याचे स्क्रू पिळ, न गळणारा नळ खोल. प्राचीशी संसार मोडला त्याला कारणं दहा असतील, ती दोघं जाणोत. दीड वर्षापूर्वी ती लेकीला घेऊन अँटॉप हिलला, तिला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेली.

लेक म्हणजे इरावती, घरात इरा, वय वर्षं आठ. दोघांत ठरलं ते असं: दर शनिवारी अकराच्या सुमाराला प्राची तिला चाळीच्या दारात सोडणार, संध्याकाळी सहाला न्यायला येणार. आणि ज्या दिवशी इराच्या स्वतःच्या मनात येईल, त्या दिवशी ती बापाकडे मुक्काम करणार. जबरदस्ती नाही, गळ घालणं नाही. दीड वर्षात इराच्या मनात ते एकदाही आलं नव्हतं. पावणेसहा वाजले की पोरगी सॅक पाठीला लावून उंबऱ्याशी उभी. त्या पावणेसहाची धास्ती अजितला शुक्रवारपासूनच लागायची.

शेवटी एकदा त्याने विचारलंच, "का गं, बाबाकडे आवडत नाही?"

"इथं अंधार असतो," इरा म्हणाली. "आणि बघायला काहीच नसतं."

अंधार खराच होता. समोर टॉवर उभा राहिला, त्याच्या पार्किंगचे सात मजले थेट गॅलरीच्या तोंडावर आले. भर दुपारी घरात ट्यूब लावावी लागे. आता टॉवर काही सरकवता येत नाही. मग बघायला काहीतरी आणायचं, असं अजितने ठरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी ड्युटी संपल्यावर दादर गाठलं.

फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत ललिताबाईंचं माशांचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. त्यात दहा-बारा टाक्या आणि मधोमध स्टुलावर ललिताबाई. मूळच्या कणकवलीच्या, जीभ तिखट. अजितने खोलीतल्या अंधाराचं सांगितलं तशी त्या म्हणाल्या, "मग कमी उजेडात जगणारी झाडं घे. पण टाकी लावली की महिनाभर मासा नाय. पाणी पिकूक होया, माशांक मानवणारा होऊक होया."

"महिनाभर नुसतं पाणी बघायचं?"

"नुसतं बघायचं. पाण्यात हात घालायचा नाय."

दोन फुटी टाकी आली. बाबासाहेबांच्या तसबिरीखालचं कपाट पुरेसं भक्कम होतं, त्यावर ती बसली. तळाला बारीक काळी खडी. मधे लाकडाचा वाकडा ओंडका, त्याला दोऱ्याने बांधलेली अनुबियासची जाड पानं आणि जावा फर्न. पुढे खडीत क्रिप्टोची पाच रोपं. वर छोटा दिवा, तोही सहाच तास लावायचा, नाहीतर शेवाळ माजतं. कोपऱ्यात फिल्टर बुडबुडत बसला. मीराबाई समोर पाट टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "आपल्या गावच्या पऱ्ह्यासारखं झालंय रे!" गावचा तो ओढा अजितलाही आठवला. शनिवारी इरानेही काचेला नाक लावून पाहिलं आणि विचारलं, "मासे कधी?"

"पुढच्या महिन्यात. नक्की."

झालं! शब्द दिला आणि जीव टांगणीला लागला. सातव्या दिवशी क्रिप्टोची पानं विरघळायला लागली, पार शेंबडासारखी. अजितने रोप उपटलं, मुळं बघितली, दुसरीकडे लावलं. दोन दिवसांनी परत उपटलं. पाचही रोपांची अशी दोनदा बदली झाली आणि खडीत नुसते बुडखे उरले. तसाच फोटो घेऊन गडी दादरला धावला.

ललिताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "तुझ्या हातांक चैन नाय काय रे? जागा बदलली की हे झाड पानं टाकतंच. मुळं धरली की आपसूक फुटतं. तू उपटून उपटून बघशील तर कधी धरणार ते?"

अजित ओशाळला. त्यानंतर तो टाकीसमोर हात पाठीमागे बांधून उभा राहायचा, शाळेतल्यासारखा. खोटं कशाला सांगू, तीन आठवडे त्याने खरंच कशाला बोट लावलं नाही. बुडख्यांना तपकिरी कोंब आले. पाणी बाटलीत घालून तपासायला नेलं तेव्हा ललिताबाई म्हणाल्या, "आता ने मासे." बुधवारी आठ रासबोरा घरी आले. बोटाच्या पेराएवढे, अंगावर काळा त्रिकोण, आणि सगळे एकदम वळणारे. फोटो प्राचीच्या फोनवर गेला. इराचा उलटा निरोप आला, 'मी आठ मोजले!!!'

इथंच थांबायचं की नाही? पण शुक्रवारी संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर अजितला पाणी पिवळट वाटलं. ओंडक्याचा रंग उतरतो, फिक्क्या चहासारखा. त्याने माशांना काही होत नाही, हे ललिताबाईंनी दोनदा सांगितलं होतं. पण उद्या पोरगी येणार, तिला पाणी कसं काचेसारखं दिसलं पाहिजे! एरवी चौथा हिस्सा पाणी बदलायचं. याने जवळजवळ सगळं उपसलं आणि मोरीतल्या पिंपातून तांब्या तांब्याने टाकी भरली. पाणी असं लख्ख दिसलं की स्वतःवरच खूश होऊन जेवला.

सकाळी उठून बघतो तर काय! पाच मासे उलटे तरंगत होते. तीन पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते.

"आई! पिंपात काय टाकलंस?"

मीराबाई धावत आल्या. "काही नाही रे. तुरटी फिरवली फक्त. पावसाळ्यात नळाला गढूळ येतं, म्हणून दरवर्षीच फिरवते." आणि टाकीकडे बघून त्यांचा आवाज बारीक झाला. "माशांना चालत नाही का रे?"

अजितच्या ओठांवर रागाचा शब्द आला होता. आईचा पडलेला चेहरा बघून त्याने तो गिळला. चाळीस वर्षं ही बाई पहाटे उठून पाणी भरते, तुरटी फिरवते. याच पाण्यावर तो वाढला. पिंप उपसायची घाई त्याला झाली होती, तिला नव्हे.

मेलेले मासे त्याने कागदात गुंडाळले. घड्याळात सव्वादहा. "मी दादरला जाऊन पाच मासे आणतो. तिला कळणार नाही."

"पोर येईल आणि तू नसशील," मीराबाई म्हणाल्या.

"आलोच गं!" म्हणत त्याने पायात बूट सरकवले. जिन्यात पहिल्या मजल्यावरच इरा समोर आली. मासे बघायच्या घाईने आज आईला लवकर निघायला लावलं होतं तिने.

"परत चाललास?" ती म्हणाली.

"परत म्हणजे?"

"मी आले की तू जातोसच. मागच्या वेळी आइस्क्रीम आणायला. त्याच्या आधी रिमोटचे सेल. त्याच्या आधी लिफ्ट अडकली म्हणून. टीव्ही लावून देतोस आणि जातोस. आजी झोपते. मग मला अंधाराची भीती वाटते." हे तिने रागाने सांगितलं नाही. पाढे म्हणावे तसं सांगितलं.

दीड वर्ष अजित तिच्यासाठी धावत होता, आणि पोरीच्या लेखी तो नुसता पळत होता. लाज वाटली त्याला, अगदी कानापर्यंत. थापा मारायचं बळही गेलं. तिथंच पायरीवर बसून त्याने सगळं खरं सांगून टाकलं. पाणी, पिंप, पाच मासे.

इराचे डोळे भरले. मग ती म्हणाली, "तीन आहेत ना अजून? चल ना मग वर!"

वर येऊन त्याने ललिताबाईंना फोन लावला. आधी शिव्या बसल्या, त्या स्पीकरवर असल्याने इरानेही ऐकल्या. मग उपाय. शेजारच्या दुर्गाकाकू तुरटी वापरत नाहीत असं मीराबाईंनी सांगितलं, तेव्हा त्यांच्याकडचं काल भरलेलं पाणी घ्यायचं. दर अर्ध्या तासाला एक पेला टाकीतून काढायचा, एक पेला हळूच ओतायचा. दिवा बंद. एकदम काही करायचं नाही, आणि मधल्या वेळात नुसतं बसायचं.

"मधल्या वेळात काय?" अजितने परत विचारलं.

"बसायचं!" इरा आणि ललिताबाई एकदम म्हणाल्या.

इराने वहीचं पान फाडून वेळा लिहिल्या. अकरा, साडेअकरा, बारा. पेला ओतायचं काम तिचं, काढायचं त्याचं. मधे अजितची मांडी बदलायची, बोटं गुडघ्यावर वाजायची. एकदा फिल्टरकडे हात गेला, तो इराने चापट मारून खाली घेतला. दुपारी कामावरचा जोडीदार राकेशचा फोन आला, परळला लिफ्ट अडकलीय म्हणून. "तू बघ रे आज," अजित म्हणाला, आणि आपण हे म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं. अडीच वाजता तीन माशांतला एक गेला. इरा रडली. अजितने तिला जवळ घेतलं, आणि दुसरा मासा आणून देतो असं काही बोलला नाही. चारच्या पेल्यानंतर उरलेले दोघे खाली उतरले आणि फर्नच्या पानाआड शिरले. दिवा नव्हता, तरी दोघं बापलेक काचेला नाक लावून त्यांना शोधत होती.

पावणेसहा वाजले. अजितने घड्याळाकडे बघितलं आणि लगेच मान वळवली. सॅक कोपऱ्यात तशीच पडलेली. सहाला प्राचीचा फोन आला, खाली उभी आहे म्हणून. इराने तो घेतला.

"मम्मी, तू जा. उद्या ये." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "नाही गं, बाबा काही म्हणाला नाही. मीच म्हणतेय. त्याला एकटं ठेवलं तर दोन मासेपण राहणार नाहीत."

मग प्राची म्हणाली, "बरं. मच्छरदाणी लावायला सांग."

अजितला हसू आलं, आणि त्याचबरोबर डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते लपवायला तो झटकन उठला. "तुला ब्रश लागेल ना सकाळी? खालून घेऊन आलोच."

"बाबा," इराने त्याच्या शर्टाचं टोक धरलं. "बस ना."

तो बसला. मीराबाईंनी पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि ब्रश आणायला त्याच गेल्या.