मुद्दाम पाडलेलं भोक

माझ्या नवऱ्याला समुद्र घरात आणायचा होता. छोट्या पेटीत मासे आणि प्रवाळ सुखात होते, पण याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. हॉलभर लांबीची काचेची टाकी आली, तिच्याखालच्या कपाटात दुसरी आली. वरचं पाणी काठावरून पाइपात पडून खालच्या टाकीत यायचं, तिथे गाळलं जाऊन पंपाने पुन्हा वर चढायचं, असा बेत. बसायचं कुठे, हे विचारून विचारून मी थकले.

तरी मी फार कटकट केली नाही, कारण बाबा. माझे वडील जन्मभर नळाची कामं करत आले. हात थरथरायला लागले तसं मी त्यांना आमच्याकडे आणलं, पण ते पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसायचे. "इथे मी कुणाच्या उपयोगाचा? खोलीवर परत जातो," हेच टुमणं. त्या रिकाम्या खोलीत एकटे पडले-बिडले तर? माझा जीव टांगणीला लागला होता. म्हणून मीच नवऱ्याला म्हटलं, "पाइप बाबांना जोडू दे."

"अगं, हात थरथरतात त्यांचे."

"तुझे नाही ना थरथरत? तरी साधा नळ बदलताना स्वयंपाकघराचं तळं केलं होतंस."

बाबांनी कपाटात डोकं घातलं. पाइप कापले, कडा घासल्या, जावयाला "नीट धर, हलू नकोस!" म्हणून दम भरला. काम करता करता शीळ घालायला लागले, तेव्हा मला रडूच आलं.

खारं पाणी आणि मासे नंतर. आधी साधं पाणी भरून पंप लावला. एक थेंब गळेना. "आता वीज गेली तर काय होतं बघू," म्हणत नवऱ्याने पंप बंद केला. पाणी खाली यायला लागलं ते थांबेचना. खालची टाकी ओसंडली आणि कपाटातून लोंढा हॉलभर पसरला. नवऱ्याने धावत जाऊन पंपाचं पाणी वर सोडणारा पाइप ओढून काढला आणि त्याचं तोंड चाचपलं.

"इथलं भोक कुठे गेलं?"

"ते होय? कुण्या गाढवाने चांगल्या पाइपाला भोक पाडलं होतं. मी बुजवून टाकलं," बाबा ऐटीत म्हणाले.

ते गाढव समोरच उभं होतं. पंप थांबला की पाण्यात तोंड बुडालेला तोच पाइप वरच्या टाकीतलं पाणी उलटं खाली ओढतो. पाणी भोकाच्या खाली उतरलं की त्यातून हवा शिरते आणि ओढणं तुटतं. नळवाला पाइपातलं भोक तसंच सोडेल? पण नवऱ्याला सांगायचं सुचलं नाही आणि बाबांना विचारायचं.

ऐकता ऐकता बाबांचा चेहरा पडला. आत जाऊन ते कपड्यांच्या घड्या घालायला लागले. "उद्या निघतो, पोरी. नुकसानच व्हायचं माझ्याकडून."

मी नवऱ्यावर असे डोळे वटारले की तो मुकाट्याने फरशी पुसायला लागला. मग ड्रिल घेऊन आत गेला.

"बाबा, चूक माझी. शिवाय एकच भोक होतं, कचरा अडकला तर पुन्हा हेच होणार. दोन हवीत. पाडता?"

"या हातांनी?"

"पाइप मी धरतो."

हात थरथरतच होता. भोकं वाकडीतिकडी पडली. पाणी भरून पंप पुन्हा लावला आणि बंद केला. पाणी थोडं उतरलं, पाइपाने घुर्र करून हवा ओढली आणि सगळं थांबलं. खालची टाकी काठाच्या आतच राहिली.

बाबा वाकून बघत होते. मग कंबर धरून सरळ झाले आणि जावयावर खेकसले, "पुन्हा कुठे भोक पाडलंस, तर का पाडलं ते आधी मला सांगायचं! मी याच घरात राहतो."