वाघाचा नसलेला दात

मी एक जुना दात आहे.

खोडतो. मी जुन्या दाताची नवी नक्कल आहे. प्लास्टरची.

मूळ दात ज्याचा, तो दक्षिण अमेरिकेतला शिकारी प्राणी. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी संपला. दगड झालेल्या हाडांवरून लोकांना कळला. तोंडाने वाघासारखा, नात्याने कांगारूची लांबची भावकी. एवढं सगळं माझ्या नावाच्या चिठ्ठीवर मावेना, म्हणून पोखर्णीजवळच्या एका शाळेत सूर्यभान गुरुजींनी लिहिलं : वाघ. मला पिवळा रंग फासला, कपाटात ठेवून कुलूप घातलं. साल १९७४.

मित्रांनो, पुढचं सांगताना मला शिसारी येते.

शाळा झाडणाऱ्या सरजाबाईंची चार महिन्यांची नात तापली होती. छाती घरघरत होती. शेजारच्या चतुराबाई म्हणाल्या, वाघाचा दात उगाळून चाटवा. शाळेतली पोरं चिठ्ठी वाचून मला वाघाचा दात म्हणत; ते ऐकलेल्या सरजाबाईंनी गुरुजींकडे दात मागितला.

"मावशी, खोटा हाय तो. पोरीला परभणीला दवाखान्यात न्या."

"खोट्याला कुलूप कोण लावतंय, गुरुजी?"

कपाट पुसायला किल्ली सरजाबाईंकडेच असे. त्यांनी मला काढून घरी नेलं.

सहाण. आईचं दूध. मी. गोल, गोल, गोल. रंग सुटला. पिवळट, चिकट लगदा. त्याला चुन्याचा आणि नासक्या दुधाचा वास. तो माझाच होता. लगदा बोटावर घेतला. लेकराची कोवळी जीभ माझ्या…

ओकली. बरं झालं, ओकली. पण घरघर वाढली.

"गुण यायलाय," चतुराबाई म्हणाल्या. "अजून एक बोट द्या."

पोरीची आई पंचफुला उठली आणि गुरुजींना घेऊन आली.

गुरुजींनी सहाणेवरून मला उचललं आणि चुलीजवळच्या काळ्या तव्यावर रेघ ओढली. पांढरीफेक.

"मावशी, वाघाचा दात असा उमटतो व्हय?"

सरजाबाईंनी रेघेवरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं.

"हे तर मी रोज फळ्याखालून झाडते," त्या म्हणाल्या. मग पदराने नातीची जीभ पुसू लागल्या. पुसतच राहिल्या.

"बास, आत्याबाई," पंचफुला म्हणाली. "परभणीची मोटार जायलीय."

पोर वाचली. दवाखान्यात नऊ दिवस राहिली.

मी अर्धा उरलो. अजून त्याच कपाटात आहे आणि दुधाचा तो वास माझ्यातून जात नाही. मला किळस सरजाबाईंची नाही. त्यांना वाचता येत नव्हतं. मला त्या चिठ्ठीची किळस येते. गुरुजींनी ती फाडली, पण ते 'वाघ' आपणच लिहिलं होतं, हे सरजाबाईंना कधी सांगितलं नाही.

मित्रांनो, मला जपू नका. खरं नाव जपा. मावत नसेल, तर कागद मोठा घ्या.