दुसरी जागा

नोव्हेंबरात रोक्कोची डोंगररांग एका दिवसात ओलांडायची, पश्चिमेच्या सुमापासून थेट पूर्वेच्या ताकाराझुकापर्यंत, हा आम्हा नवराबायकोचा चौतीस वर्षांचा नेम. छप्पन्न किलोमीटर. माघारी फिरणं नाही. पलीकडे उतरायचं आणि आगगाडीनं कोबेला घरी यायचं. कुठे किती वाजता पोहोचायचं याचा कागद माझे यजमान तादाहिको करत.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, यजमानांच्या डोळ्यांची नजर कडेकडेनं विझत चाललीय. अंधार पडला की त्यांना पायाखालचं दिसेनासं होतं. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं? ही एक वाट पुरी व्हावी एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि ते धडधाकट घरी यावेत एवढं माझं.

कागद तयार झाला तसा मी चष्मा लावून वाचायला घेतला.

"अहो, माया डोंगराच्या चढाला एकच तास?"

"मग?"

"गेल्या साली दोन लागले होते. यंदा पंख फुटणार आहेत का?"

"तू तांदूळ धुवायला घे बघू."

मी कशाला उठते! प्रत्येक टप्प्यातून वेळ कापलेला. उजाडता सहाला निघून संध्याकाळी पाचला ताकाराझुका. आजवर आम्ही रात्री आठच्या आत कधी पोहोचलो नव्हतो. पाच मिनिटांची चूकही खोडून पुन्हा लिहिणारा माणूस, आणि त्यानं कागदावर खोटं लिहावं!

"अंधाराआधी उतरायचं तर असंच लिहावं लागतं," ते मान खाली घालून म्हणाले.

"लिहिलं म्हणून सूर्य थांबतो होय? मायावरून रोपवेनं उतरू या मग."

"अर्ध्यावर उतरायचं तर निघायचं कशाला!"

मी पेन्सिल घेतली आणि शेवटच्या, जंगलातल्या उतारापुढे लिहिलं: पुढे मी, सुमिए; मागे माझ्या पिशवीचा पट्टा धरून तादाहिको. त्यांचा चेहरा उतरला. डोंगरात चालणाऱ्यांची रीतच आहे, जाणता पुढे आणि सगळ्यांत अशक्त त्याच्या लगेच मागे, दुसऱ्या जागेवर.

"चारचौघांत बायकोच्या पिशवीचा पट्टा धरून उतरू? अशक्ताची जागा ती."

"म्हणजे चौतीस वर्षं तुमच्या मागे चालणारी मी अशक्त होते तर!"

"तसं नव्हे गं."

"मग कसं?"

"तू मागे असलीस की... पाठीला भीती वाटायची नाही."

यावर मी तांदूळ धुवायला उठले. उठावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांना घरामागच्या टेकडीवर नेलं. दगडी पायऱ्यांच्या माथ्यावर म्हटलं, "डोळे मिटा. धरा पट्टा."

तिसऱ्याच पायरीला पाय चुकला. मी सावरलं, पण ते मटकन खाली बसले. "बास. जमायचं नाही. कागद फाडून टाक." इतक्या वर्षांत कागद फाडायची भाषा मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

शरदातल्या प्रवचनात आमच्या देवळातले वृद्ध भिक्षू एक पद आळवून सांगतात: अमिदा बुद्धाची नाव डोळसाला नेते आणि आंधळ्यालाही, भाडं कोणालाच विचारत नाही. तेच ओठांवर आलं. मी उठले आणि पायरीपायरीला ठेका धरून गात एकटीच उतरू लागले.

चार पायऱ्यांनंतर पिशवीचा पट्टा मागून ओढला गेला. मी वळून पाहिलं नाही.

साठ पायऱ्या उतरून झाल्यावर मागून आवाज आला, "स्वर चढवलास की पायरी उंच, असं समजू ना?"

"समजा."

"आणि बेसूर झालीस तर?"

"तर खड्डा."

ते हसले. डोळे अजून मिटलेलेच होते.

न्याहारी झाल्यावर त्यांनी कोरा कागद घेतला. माया, दोन तास. ताकाराझुका, रात्री नऊ. शेवटच्या उतारावर माझं नाव पुढे, त्यांच्याच ठसठशीत अक्षरात. मग पेन्सिल थबकली.

"अगं, उतरताना तू आधी कुठला पाय टाकतेस?"

सतत पुढे चाललेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार?

"डावा," मी म्हटलं.

त्यांनी तेही माझ्या नावासमोर लिहून ठेवलं.