दोनशे बारा सह्या

रुग्णांची माहिती कुठे ठेवणार आणि कुणाला देणार, याच्या आराखड्यात आमच्या सरांनी लिहिलं होतं: ‘माहिती योग्य ठिकाणी ठेवली जाईल आणि योग्य वेळी योग्य व्यक्तीला दिली जाईल.’ आकडे इतर संशोधकांनाही मिळावेत, ही निधी देणाऱ्या संस्थेची अट; तिने तो तिसऱ्यांदा परत पाठवला, यात नवल ते काय? आज पाचपर्यंत धड आराखडा गेला नाही, तर दम्यावरचं आमचं संशोधन या महिन्यातच बंद पडणार होतं. म्हणजे मी आणि नर्सताई, दोघी घरी.

“सगळी माहिती आहे कुठे, सर?” मी विचारलं.

“माझ्या लॅपटॉपवर.”

“आणि दुसरी प्रत?”

“माझ्या जुन्या लॅपटॉपवर.”

मी कपाळावर हात मारून घेतला. कोंबडी अंड्यांवर बसते तसा हा माणूस चार वर्षं रुग्णांच्या श्वासाच्या आकड्यांवर बसून होता. दुसऱ्यांना दिले तर म्हणे ते आपल्याआधी शोध लावून मोकळे होतील.

शेवटी झक मारत त्यांनी होकार दिला. “लिही, नावं-पत्ते काढून आकडे सगळ्यांना खुले. सुटलो एकदाचे.”

मी सोबत जोडायला रुग्णांचं संमतिपत्र काढलं आणि माझं डोकंच फिरलं. खाली ठळक अक्षरांत होतं: ‘तुमची माहिती या खोलीबाहेर जाणार नाही.’ अशा दोनशे बारा कागदांवर दोनशे बारा सह्या.

“हे कुणी घातलं?”

“मी,” नर्सताई म्हणाल्या. “लोक घाबरून सही करेनात. सरांना दाखवलं होतं की.”

सरांनी अर्थातच न वाचता मंजुरी दिली होती. आता म्हणत होते, “अगं, आराखड्यात ‘रुग्णांची संमती आहे’वर खूण कर. कोण बघतंय?”

“मी नाही करणार. शब्द दिलाय आपण त्यांना. प्रत्येकाला पुन्हा विचारू, आणि तसंच आराखड्यात लिहू.”

“निम्मे नाही म्हणतील! मग मी काय तोंड दाखवू?”

साडेतीन वाजले होते आणि ही हुज्जत संपायला तयार नव्हती. मला तर रडूच येणार होतं. नर्सताईंनी मात्र यादीतल्या पहिल्या रुग्णाला, एका निवृत्त मास्तरांना, फोन लावलासुद्धा. स्पीकर सुरू करून त्यांनी विचारलं: तुमचं नाव कुठेच येणार नाही, फक्त आकडे दुसऱ्या डॉक्टरांना अभ्यासाला दिले तर चालेल का?

मास्तरांना आधी खोकल्याची उबळ आली.

“द्या की,” ते म्हणाले. “पण मला वाटलं, केव्हाच दिले असतील. चार वर्षं दर महिन्याला दोन जिने चढून तुमच्या यंत्रात फुंकतोय मी. आता माझ्या नातीलाही दमा निघालाय. इतके दिवस त्या आकड्यांचं तुम्ही केलंत तरी काय?”

नर्सताईंनी सरांकडे बघितलं. सरांनी फोन हातात घेतला.

“काही नाही, मास्तर,” ते म्हणाले. “नुसते ठेवून दिले.”

सरांनी माझ्याकडे न बघताच हाताने खूण केली: लिही, प्रत्येकाला पुन्हा विचारू.