पंधरावं नाव

"मूल गप्प बसलं तर तुम्ही काय करता?" मुलीसाठी बालवाडी शोधत असलेल्या मेलेने विचारलं.

हा तिचा तिसरा प्रश्न. टेकडीवरच्या सरकारी बालवाडीत हेच विचारून ती आमच्या सरकारी बालवाडीत आली होती, आणि दोन्हीकडची उत्तरं मोबाइलमध्ये शेजारीशेजारी टिपत होती. टोंगाहून इकडे न्यूकॅसलला येऊन तिला दोनच वर्षं झाली होती, पण पारख पक्की होती.

"शेजारी जाऊन बसते," मी म्हटलं. सव्वीस वर्षं मदतनीस म्हणून मी तेच करत आले आहे.

आमच्याकडे पुढच्या वर्षासाठी चौदा नावं होती. शुक्रवारी चारपर्यंत पंधरावं आलं नाही तर वर्ग बंद, आणि माझी नोकरीही. आज शुक्रवारच होता. जनीन, आमची मुख्य बाई, सकाळपासून फोनभोवती घिरट्या घालत होती. मला मात्र काहीच वाटत नव्हतं. काहीतरी वाटायला हवं, एवढंच कळत होतं.

मेलेची मुलगी सेला चार वर्षांची, दोन्ही कानांना ऐकण्याची यंत्रं. आमचं छप्पर पत्र्याचं आणि फरशी उघडी, त्यामुळे मुलं धावायला लागली की आवाज नुसता आदळत राहतो. दहा मिनिटांत पोरीने दोन्ही यंत्रं काढून खिशात टाकली आणि ठोकळे रचत बसली.

मेले हरखली. "बघा, किती रमली. वर टेकडीवर तर माझा हात सोडत नव्हती. द्या फॉर्म."

जनीनने फॉर्म आणि पेन लगेच पुढे केलं.

"वर तिने यंत्रं काढली होती का?" मी विचारलं.

"नाही."

"इथे काढलीत. खिशात बघा. वर गालिचा आहे, आवाज घुमत नाही. तिथे आठवडाभर रडेल, पण ऐकेल. इथे रमेल, ऐकणार काहीच नाही."

मेलेने सेलाचा खिसा चाचपला. मग पेन टेबलावर ठेवलं आणि माझा हात घट्ट दाबला. तो सल्ला मला केवढ्याला पडणार होता, हे तिला माहीत नव्हतं.

मायलेकी गेल्यावर जनीनने कोरा फॉर्म उचलून ठेवला. मग हळूच म्हणाली, "नॉयलीन, हे सोमवारी फोन करूनही सांगता आलं असतं गं."

"सुचलं नाही," मी म्हटलं. सुचलं होतं.

चार वाजले. मी रंगाचे ब्रश धुवायला घेतले. रंग वाळला की ब्रश फुकट जातात. वरच्या बालवाडीत आता एक मूल वाढणार होतं, त्यांना लागतील.